रात्री ठणकणाऱ्या गुडघ्याचं दिवसा काय करायचं?

गुडघेदुखीबद्दल वाचक जे विचारतात, त्यातले बहुतेक प्रश्न रात्रीचे असतात. उशी गुडघ्याखाली ठेवायची की दोन गुडघ्यांच्या मध्ये? झोपताना कोणतं तेल चोळायचं? गोळी जेवणानंतर लगेच घ्यायची की अंथरुणाला पाठ टेकताना? दिवसभर कसंबसं निभावणारा गुडघा रात्री दोन वाजताच का ठणकतो? प्रश्न रास्त आहेत, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: आधी दुखणं थांबू दे, झोप आपोआप येईल. ही समजूत अर्धीच खरी आहे. दुखण्यानं झोप मोडते, हे कोणाला सांगावं लागत नाही. मोडलेल्या झोपेनं दुखणं वाढतं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी काम करावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं काम दिवसाउजेडी उरकायचं असतं.

आधी खात्री करा: हे झिजेचंच दुखणं आहे ना?

पन्नाशीनंतरची बहुतेक गुडघेदुखी सांध्याच्या झिजेची असते. डॉक्टर तिला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. तिची चाल ओळखता येते. सांधा वापरला की दुखतो, विसावला की उतार पडतो. सकाळी उठल्यावर तो आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. जिना उतरताना त्रास होतो आणि मांडी घालून बसल्यावर उठताना काहीतरी धरावं लागतं. सुरुवातीच्या काळात ही दुखी रात्री फारशी छळत नाही. झोप मोडू लागली, तर आजार पुढे सरकला असण्याची किंवा दिवसाचा ताण सांध्याला झेपेनासा झाला असण्याची शक्यता असते. दुखण्याची चाल याहून वेगळी असेल, तर तेल आणि उशी यांच्या वाटेला जाण्याआधी डॉक्टरांना दाखवा. विशेषतः असं काही असेल तर:

- सकाळचा ताठरपणा तासभर किंवा जास्त टिकतो, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात. हा आमवातासारखा सुजेचा आजार असू शकतो. त्यात औषध लवकर सुरू झालं, तर सांधे वाचतात.
- एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आहे आणि अंगात ताप आहे. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- मध्यरात्री पायाचा अंगठा किंवा गुडघा पेटल्यासारखा होतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. युरिक अॅसिडचा, म्हणजे गाउटचा संशय घ्यावा.
- एका पायाची पोटरी सुजून दुखते आहे, तेही लांबच्या प्रवासानंतर किंवा अंथरुणात पडून राहिल्यावर. रक्ताची गुठळी असू शकते. पोटरी चोळू नका, लगेच तपासून घ्या.
- कूस बदलून, उठून बसूनही दुखणं थांबत नाही, रात्रीगणिक वाढतं आणि वजनही घटतं आहे.
- काही आठवड्यांपूर्वी चिकुनगुन्यासारखा ताप येऊन गेला आहे.

पायाचं रात्रीचं प्रत्येक दुखणं गुडघ्याचं नसतं, हेही लक्षात ठेवा. पोटरीत येणारा गोळा, मधुमेहातली तळपायांची आग, खुब्याच्या सांध्यातून गुडघ्यात उतरणारी कळ आणि पाय सतत हलवत राहावेसे वाटणं ही चार वेगळी दुखणी आहेत. शेवटच्या तक्रारीमागे कधी कधी शरीरातलं लोह कमी झालेलं असतं आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. गुडघ्याचा एक्स-रे काढायचा असेल, तर उभ्यानं काढलेला उपयोगी. एमआरआयची गरज झिजेच्या साध्या दुखण्यात सहसा पडत नाही. एक्स-रे पाहून घाबरूनही जाऊ नका, कारण फिल्मवरची झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. हाडांमधली गॅप जवळजवळ संपलेले काही जण बाजारहाट करून येतात, तर किरकोळ झीज असलेल्या कोणाला रात्रभर डोळा लागत नाही. हा फरक पडतो तो स्नायूंच्या ताकदीमुळे, वजनामुळे, मनःस्थितीमुळे आणि झोपेमुळे. यातली एकही गोष्ट एक्स-रेत दिसत नाही, पण प्रत्येकीत काही ना काही सुधारणा करता येते.

झोप मोडली की कळ का वाढते

निरोगी माणसांना रात्री पुन्हा पुन्हा उठवलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांची वेदना सोसण्याची ताकद घटते, असं प्रयोगांत दिसलं आहे. मेंदूकडे वेदनेचे संदेश दाबून धरण्याची स्वतःची व्यवस्था असते आणि तुटक झोपेनं तीच ढिली पडते. रात्री लक्ष वळवायला काही नसतं, सांधा एका जागी राहून आखडतो आणि सूज आवरणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असते. वाईट रात्रीमुळे दुखरा दिवस जातो. दुखऱ्या दिवसात हालचाल कमी होते, दुपारी डुलकी लांबते आणि पुढची रात्र आणखी वाईट जाते. या फेऱ्यात हात घालायला सर्वांत सोपी जागा दिवसातली आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

“गादी झिजली आहे, मग चालू कशाला?”

हा आक्षेप घराघरांत ऐकू येतो आणि वरवर तो पटतोही. झिजलेली वस्तू जपून वापरावी, हा व्यवहार आपल्याला शिकवलेला असतो. पण सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे या गादीला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि सांध्यावर भार पडून सुटला, की स्पंजासारखा तो द्रव आतबाहेर होतो. गुडघा हलवणं बंद केलं, तर कूर्चा वाचत नाही, उपाशी राहते. शिवाय गुडघ्याचा धक्का झेलणारा मुख्य आधार म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू. तो काही आठवड्यांच्या विश्रांतीतही रोडावतो आणि मग प्रत्येक पाऊल थेट हाडांवर आदळतं. म्हणूनच ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या प्रत्येक रुग्णाला आधी व्यायाम सांगितला आहे. औषधाचं स्थान त्याच्या जोडीला.

कोणता व्यायाम, यावर फार घोळ घालू नका. फिजिओथेरपिस्टकडून एक-दोनदा नीट शिकून घेतलं, तर उत्तमच. तोपर्यंत घरी करण्याजोगं एवढं:

- टॉवेल दाबणं. पाय सरळ ठेवून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडीचा स्नायू आवळून गुंडाळी खाली दाबा. पाच ते दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा.
- सरळ पाय उचलणं. उताणं झोपा, एक गुडघा दुमडा, दुसरा पाय ताठ ठेवून वीतभर उचला, थांबा, सावकाश खाली आणा.
- खुर्चीतून उठबस. हाताचा आधार न घेता, किंवा सुरुवातीला थोडा घेऊन. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती सरकणार नाही.
- कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. खुब्याचे स्नायू बळकट झाले, की चालताना गुडघा आत झुकत नाही.
- सपाट जमिनीवर चालणं. एकदम तासभर चालण्याऐवजी दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन टप्पे करा.

करताना थोडं दुखेल आणि ते चालतं. कसोटी अशी, की वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत मूळपदावर यायला हवं. न आल्यास व्यायामाची मात्रा घटवा, व्यायाम सोडू नका. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. वेळ सकाळची किंवा संध्याकाळच्या आधीची बरी. एका दिवशी अंगात उत्साह आहे म्हणून सगळं घर आवरायचं आणि पुढचे तीन दिवस पडून राहायचं, ही रीत मात्र गुडघ्याच्या आणि झोपेच्याही मुळावर येते. लग्नसराईत आणि दिवाळीच्या साफसफाईत हे हमखास घडतं.

वजनाचा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो, त्याचा आकार मात्र नसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की वजन जेवढं घटतं त्याच्या सुमारे चौपट भार दर पावलाला गुडघ्यावरून उतरतो. पाच किलो घटले, तर प्रत्येक पावलामागे वीस किलो. त्याच गटानं २०१३ मध्ये ४५४ जणांवर केलेल्या चाचणीत आहार आणि व्यायाम एकत्र करणाऱ्यांचं दुखणं सर्वांत जास्त कमी झालं. तरी “आधी वजन उतरवा, मग या” असं कोणी म्हणत असेल, तर ते मान्य करू नका. व्यायामाचा फायदा वजन न घटताही होतो.

उकिडवं बसणं आणि मांडी घालणं यांत गुडघा पूर्ण दुमडतो, त्यामुळे दुखण्याच्या काळात त्यांना फाटा द्या. देवपूजेला पाटाऐवजी खुर्ची, भाजी निवडायला टेबल, देशी संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची, हे सगळं अनेक घरांत होतं आणि देवही रागावत नाही. काठी घेतलीत, तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण ती नेमकी उलट धरतात.

अंथरुणाची मांडणी

उशीचा प्रश्न आता. कुशीवर झोपत असाल, तर दोन पायांच्या मध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी उशी घ्या. नुसती गुडघ्यांमध्ये घेतली, तर वरच्या पायाचा घोटा खाली लोंबतो आणि गुडघ्याला पीळ बसतो. उताणं झोपणाऱ्यांना गुडघ्याखाली उशी घेतली की चटकन बरं वाटतं. गफलत इथेच होते. रात्रभर, महिनोनमहिने गुडघा वाकवून ठेवला, तर तो पूर्ण सरळ होणं थांबतं, मग चालताना मांडीचे स्नायू लवकर थकतात आणि दुखणं वाढतं. कळ उतरेपर्यंत अर्धा तास घ्या, मग काढून टाका. जमिनीवरच्या गादीवरून उठताना गुडघ्याची कसोटी लागते, म्हणून पलंग हवा, आणि तो एवढा उंच, की काठावर बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील आणि गुडघे खुब्यापेक्षा वर येणार नाहीत.

झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्याच्या पिशवीनं शेक घेतला, तर आखडलेला सांधा सैलावतो. सांधा गरम आणि फुगलेला असेल, तर शेकाऐवजी कापडात गुंडाळलेला बर्फ. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी पिशवीची उष्णता हाताच्या कोपरानं पाहावी. नाहीतर पाय भाजल्याचं कळतही नाही. तेलाच्या मालिशीनं बरं वाटतं आणि तेवढंच तिचं काम. तेल कूर्चेपर्यंत पोचत नाही, पण म्हणून झोपेआधी कोणी पाच मिनिटं पाय चेपून दिले तर ते नाकारण्याचं कारण नाही. लघवीला उठणं हेही झोपमोडीचं मोठं कारण. त्याचं खापर गुडघ्यावर फोडण्याआधी साखर, प्रोस्टेट आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ यांबद्दल डॉक्टरांना विचारा. संडासाच्या वाटेवर मंद दिवा ठेवा.

जेल, गोळी, इंजेक्शन

गुडघा कातडीच्या जवळचा सांधा असल्यानं डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक औषधाचं जेल त्याच्यावर बऱ्यापैकी काम करतं आणि रक्तात फार कमी उतरतं. म्हणून गोळीच्या आधी जेल. पण ते ठणका सुरू झाल्यावर एकदा चोळून भागत नाही. सांगितलेल्या मात्रेत दिवसातून तीन-चार वेळा नियमानं लावावं लागतं, त्यावर शेक घ्यायचा नाही आणि जखमेवर लावायचं नाही.

गोळ्यांच्या बाबतीत सावध राहा. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांचा गुण येतो, पण त्या जठराला जखम करू शकतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंड आणि हृदयावर ताण आणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात ही तिसरी पडली, तर मूत्रपिंड अचानक थकू शकतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर रक्तस्रावाचा धोका आहे. तेव्हा दुकानदाराकडून “दुखण्याची एक द्या” असं म्हणून घेऊ नका. पॅरासिटामॉल त्यामानानं निर्धोक, पण झिजेच्या दुखण्यावर त्याचा उपयोग थोडकाच, आणि तेच औषध सर्दीच्या व संयुक्त वेदनाशामक गोळ्यांतही असल्यानं नकळत मात्रा वाढते. पाकिटामागचा मजकूर वाचा. कॅल्शियम हाडांच्या ठिसूळपणासाठी असतं, गुडघ्याची झीज त्यानं थांबत नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांची १,५८३ रुग्णांवरची अमेरिकी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत ती औषधं साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे सुटका होते. घरात कार्य आहे, प्रवास आहे, झोप पार उडाली आहे, अशा वेळी ते वाजवी आहे. दर तीन महिन्यांनी घेत राहिल्यास कूर्चा पातळ होते, असं २०१७ च्या एका चाचणीत दिसलं. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते. ‘वंगणाचं’ म्हणून दिलं जाणारं महागडं इंजेक्शन नाइसच्या मार्गदर्शिकेनं देऊ नये असं म्हटलं आहे. तुम्हाला सुचवलं गेलं, तर किती जणांना, किती काळ फरक पडतो, हे स्पष्ट विचारा.

आणि ती पुडी. नाव-पत्ता, घटक काही न छापलेली, “पूर्ण आयुर्वेदिक” म्हणून मिळणारी. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन-तीन दिवसांत नाहीसं झालं, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल, तर एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते टप्प्याटप्प्यानं कमी करतील.

दुखणं उतरलं, तरी झोप येत नाही

महिनोनमहिने अंथरुणात तळमळलेल्या माणसाचं अंथरुणाशी नातंच बिघडतं. पडलं की मन सावध होतं. इथे झोपेची गोळी सोपी वाटते, पण साठीनंतर अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तोल जातो, आणि कमजोर गुडघ्याचा माणूस रात्री पडला तर खुब्याचं हाड मोडतं. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. याहून चांगला पुरावा आहे तो सवयी आणि विचार बदलण्याच्या पद्धतीला. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात साठीपुढच्या, सांधेदुखी आणि निद्रानाश दोन्ही असलेल्या ३२७ जणांवरची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत फोनवर सहा वेळा मार्गदर्शन, एवढाच उपचार. वर्षानंतरही निम्म्याहून अधिक जणांचा निद्रानाश गेलेला होता; नुसती माहिती दिलेल्या गटात तो सुमारे पावच जणांचा गेला. दुखण्यातला फरक मात्र वर्षभर टिकला नाही. कोणी म्हणेल, मग काय उपयोग? उपयोग हाच, की सांधा पूर्ण बरा न होताही झोप परत मिळते, आणि सांध्यासाठीचं काम वेगळं चालू ठेवावं लागतं. त्या पद्धतीचा गाभा असा:

- उठण्याची वेळ रोज एकच. रात्र कशीही गेली, तरी.
- झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. साधारण वीस मिनिटं डोळा लागला नाही, तर उठून खुर्चीत बसा, मंद उजेडात काहीतरी नीरस करा, झोप आली की परत या. गुडघा मोकळा व्हायलाही या फेरीची मदत होते.
- अंथरुणावर टीव्ही, मोबाइल, हिशेब नको.
- दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. चारनंतर चहा-कॉफी नको.
- घड्याळ नजरेआड ठेवा.

पहिले एक-दोन आठवडे जास्त थकवा येईल. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल, तर आधी त्याची तपासणी करून घ्या.

ऑपरेशन ठरवताना: पैसा आणि हक्क

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याचा सल्ला झिजेच्या दुखण्यासाठी मिळाला, तर थांबा. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत ही शस्त्रक्रिया आणि नुसता कातडीवर छेद घेऊन केलेलं नाटक यांत फरक दिसला नाही. सांधा बदलणं ही वेगळी गोष्ट. व्यायाम, वजन, औषध सगळं मनापासून करूनही रात्रीची झोप आणि रोजचं चालणं हातातून गेलं असेल, तर तो चांगला पर्याय आहे. घाई नाही, पण स्नायू पार वाळेपर्यंत थांबणंही शहाणपणाचं नाही.

- दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. कागदपत्रांच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत.
- कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर १६ ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले होते. चालू दर फार्मा सही दाम या सरकारी अॅपवर पाहा. बिलात सांध्याचं नाव, कंपनी, बॅच आणि किंमत वेगळी दाखवून मागा.
- महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मदतीसाठी १५५३८८. सत्तरी पार केलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी करा.
- खासगी विम्यात सांधेबदलासाठी प्रतीक्षाकाळ असतो. एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. जुनी गुडघेदुखी फॉर्ममध्ये लपवू नका.

सर्जनला एक प्रश्न नक्की विचारा: ऑपरेशननंतर झोपेचं काय? झोपेसाठी ऑपरेशन करून घेणाऱ्यांना हे आधी सांगितलं जात नाही, की पहिले सहा आठवडे रात्री बहुधा आधीपेक्षाही वाईट जातात आणि घडी बसायला तीनेक महिने लागू शकतात. पाचातल्या साधारण एकाला पुढेही काही ना काही दुखणं राहतं. रात्रीच्या वेदनेसाठी कोणती गोळी, किती दिवस आणि कोणत्या वेळी, फिजिओथेरपी घरी येऊन कोण देणार आणि तिचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की नाहीत, हे तारीख ठरवण्याआधी लिहून घ्या. नव्या गुडघ्याखालीही उशी ठेवायची नाही. ठेवायचीच असेल, तर घोट्याखाली, म्हणजे गुडघा सरळ राहील.